एकसष्टाव्या वर्षी पळायला लागले, त्या अकरा महिन्यांचा हिशोब

नोव्हेंबर 2023 मध्ये इचलकरंजीला भाच्याच्या मुलाचं बारसं होतं. पाळण्याभोवती आम्ही सगळ्या बायका खाली सतरंजीवर बसलो, गाणी झाली, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या आणि सगळ्या उठल्या. मला उठता येईना. दुखत काही नव्हतं, नुसती पायात ताकदच नव्हती. आधी एक गुडघा टेकला, मग पाळण्याचा पाय धरला, तरी होईना, शेवटी भाचीने काखेत हात घालून उठवलं. कुणाचं फारसं लक्षही गेलं नाही पण परत येताना गाडीत मी तोच विचार करत होते, की मी एकसष्ट वर्षांची आहे, पंच्याहत्तरीला काय होणार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. 31 मे 2020 ला रिटायर झाले, तेव्हा लॉकडाऊन, त्यामुळे निरोप समारंभ वगैरे काही नाहीच. त्यानंतरची साडेतीन वर्षं घर, मोबाईल, टीव्ही आणि संध्याकाळी इथल्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर जरा बसून येणं. बीपीची गोळी 2017 पासून चालू. वडील 58 व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. एवढी पार्श्वभूमी सांगते कारण पुढच्या तपासण्या का झाल्या ते त्याशिवाय कळणार नाही. मला हे सगळं करताना एका जागी लिहिलेलं काही सापडलं नव्हतं, तुकड्या तुकड्याने कळत गेलं, म्हणून लिहून ठेवतेय.

पुण्याहून मुलगा आला होता, त्याला म्हटलं मला पळायचं आहे. तो हसला नाही. त्याने मला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासाबद्दल सांगितलं, नंतर मी तो स्वतः शोधून वाचला. 1984 साली त्यांनी पन्नाशीच्या पुढचे नियमित पळणारे आणि न पळणारे असे दोन गट घेतले आणि जवळजवळ वीस वर्षं त्यांच्या मागे राहिले. 19 वर्षांनी न पळणाऱ्यांपैकी 34 टक्के लोक गेले होते, पळणाऱ्यांपैकी 15 टक्के. आता पळणारा माणूस मुळातच जरा निरोगी असणार हे कुणीही म्हणेल, पण तो हिशोब धरूनही फरक राहिला. मला मात्र त्यातलं दुसरंच जास्त महत्त्वाचं वाटलं, की अंघोळ, कपडे, चालणं, खुर्चीतून उठणं ह्या रोजच्या गोष्टींना त्रास सुरू होणं पळणाऱ्यांमध्ये पुष्कळ वर्षं पुढे गेलं. किती जगायचं ते काही आपल्या हातात नाही, पण उठता यायला पाहिजे.

8 जानेवारी 2024, सोमवार, फॅमिली डॉक्टरांकडे गेले. वाटलं होतं, ते म्हणतील ह्या वयात कशाला, चाला की. ते म्हणाले, "बाई, पळा, पण आधी हृदय बघूया." त्यांनी हेही सांगितलं की नुसतं चालायला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला एवढ्या तपासण्या लागत नाहीत, पण तुमचं बीपी आहे, वडिलांचा इतिहास आहे आणि बरीच वर्षं बसून काढलीत, म्हणून करायच्या. ईसीजी तिथेच काढला, तो धरून 600 रुपये. मग चिठ्ठी दिली: उपाशीपोटी रक्त, टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि टीएमटी म्हणजे स्ट्रेस टेस्ट.

रक्त 10 तारखेला दिलं, 1,450 रुपये. साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन. एचबीएवनसी 6.2 आली. 5.7 ते 6.4 ही डायबेटिसच्या उंबरठ्यावरची पातळी, म्हणजे मी उंबरठ्यावर होते आणि मला पत्ताच नव्हता. इको 16 तारखेला, 1,800 रुपये, अर्धा तास बसले, दहा मिनिटात झालं.

टीएमटीचा मात्र घोळ झाला. 20 जानेवारीची सकाळी साडेनऊची वेळ मिळाली होती. मी सहाला हलका नाष्टा केला, साडीऐवजी पंजाबी ड्रेस आणि बूट घालून रिक्षाने एकटीच गेले. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म दिला आणि विचारलं सोबत कोण आहे. म्हटलं कोणी नाही. तर म्हणाली संमतीपत्रावर नातेवाईकाची सही लागते आणि टेस्ट होईपर्यंत नातेवाईक इथं थांबायला पाहिजे. फोनवर वेळ देताना हे कुणी सांगितलंच नव्हतं. आमचे हे त्या दिवशी गावाकडे, मुलगा पुण्यात. शेजारणीला बोलावते म्हटलं तर रक्ताचं नातं किंवा नवराच पाहिजे म्हणाले. तिथे बाकावर बसून रडू आलं मला, खरंच सांगते, कारण सगळी हिंमत गोळा करून गेले होते. पुढची तारीख 27 जानेवारी. तर टीएमटीला जाताना घरचं माणूस बरोबर न्या, आधीचा ईसीजी आणि इकोचा रिपोर्ट न्या, आधारची झेरॉक्स न्या, आणि कुठली गोळी त्या सकाळी घ्यायची कुठली नाही ते डॉक्टरांनाच विचारा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

27 तारखेला हे बरोबर आले. 1,600 रुपये. छातीला वायरी लावतात, दंडाला बीपीचा पट्टा, आणि ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर चालायला लावतात. पहिली तीन मिनिटं ताशी 2.7 किलोमीटर म्हणजे अगदी देवळात प्रदक्षिणा घालतो तसं, पण चढ असतो 10 टक्के. दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. दुसऱ्या टप्प्यात मला धाप लागली, तिसरा टप्पा सुरू झाल्यावर ताशी 5.4 आणि 14 टक्के चढ, तिथे मी पावणेआठ मिनिटांवर थांबा म्हटलं. नाडी जास्तीत जास्त किती जाते त्याचा 220 वजा वय हा ढोबळ हिशोब, माझे 159 येतात, त्याच्या 85 टक्क्यांपर्यंत नाडी जायला हवी होती ती गेली होती. रिपोर्टवर "निगेटिव्ह" वाचून माझ्या पोटात गोळा आला, ह्यांनीही गाडी चालू केली नाही, दोघं तसेच पार्किंगमध्ये उभे. मग डॉक्टरांना फोन लावला तर कळलं निगेटिव्ह म्हणजे चांगलं, ताण दिल्यावर हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण नाही. कुणी घाबरू नये म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

30 जानेवारीला सगळी फाईल घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे, 300 रुपये. त्यांनी परवानगी दिली पण अटी घालून. सहा आठवडे नुसतं चालायचं. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, चक्कर, विचित्र धडधड, ह्यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं. आणि घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर विसंबायचं नाही, कारण बीपीच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत. ह्यांची गोळी तशीच आहे, बीटा ब्लॉकर, त्यांची नाडी कितीही चढ चढले तरी फार वर जात नाही, म्हणजे सूत्र लावलं तर उगीच जास्त जोर लावतील. त्यापेक्षा बोलून बघा, डॉक्टर म्हणाले, एक अख्खं वाक्य बोलता आलं म्हणजे वेग बरोबर.

मी त्याच्यासाठी पाढे धरले. बत्तीस वर्षं पोरांकडून म्हणून घेतले, आता स्वतः म्हणायला लागले. बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस. एका श्वासात तीन पायऱ्या गेल्या तर ठीक, एकच जात असेल तर चालायला लागायचं. आजही हेच करते, दुसरं काही लागलं नाही.

आम्ही साने गुरुजी वसाहतीत राहतो, रंकाळा जवळ. 1 फेब्रुवारीपासून पहाटे सहाला निघायचं, संध्यामठाच्या बाजूने तलावाकडेने अर्धा तास. थंडीत पाण्यावर धुकं असतं, शालिनी पॅलेसचा मनोरा नुसता तरंगल्यासारखा दिसतो, सूर्य आला की खालचा भाग दिसायला लागतो. इतकी वर्षं इथे राहून ती वेळ मी बघितलीच नव्हती.

बुटांचं सांगते कारण तिथे पैसे वाया गेले. फेब्रुवारीत एका दुकानातून 2,799 चे घेतले, दुकानदार म्हणाला वापरून सैल होतील. झाले नाहीत, उलट अंगठ्याचं नख काळं पडलं. परत घेतले नाहीत कारण सोल वापरलेला. ते शेवटी भाचीला दिले. दुसऱ्यांदा गेले ते संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, घालायचे तेच मोजे नेले, आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहते का ते उभं राहून बघितलं. 4,299. आणि बायकांसाठी, स्पोर्ट्स ब्रा घ्याच, 650 ला मिळाली, ती नसेल तर पहिल्या आठवड्यातच नकोसं होतं.

18 मार्चला पहिल्यांदा पळाले. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. आठवड्यात तीनच दिवस आणि मध्ये एक दिवस सुट्टी. पळणं म्हणजे काय, तर शेजारून एक आजोबा भरभर चालत माझ्यापुढे गेले, इतकं सावकाश. पण ते एक मिनिट संपलं तेव्हा अंगात काहीतरी जागं झाल्यासारखं वाटलं, ते मी शाळेच्या खो-खोनंतर अनुभवलंच नव्हतं.

लोकांची भीती वाटायची. पहिले चार दिवस ओढणी डोक्यावरून घेऊन पळाले. मग एक दिवस माझा एक जुना विद्यार्थी, आता दुधाचा धंदा आहे त्याचा, म्हशी घेऊन चालला होता, त्याने ओळखलंच. "काय ओ बाई, पळालाय व्हय?" म्हटलं हो. तर म्हणाला, "लई भारी. पण सावकाश पळा, गुडघं जातील बघा." पुढे कितीतरी जणांनी गुडघ्याचंच सांगितलं. मी डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, झिजलेला, सुजलेला गुडघा असेल तर वेगळी गोष्ट, आधी दाखवून घ्यावं. पण धडधाकट गुडघा बेताने पळण्यामुळे झिजतो असं दिसलेलं नाही, स्टॅनफर्डवाल्यांनी काही जणांचे एक्सरे वर्षानुवर्षं काढले, पळणाऱ्यांचे गुडघे इतरांपेक्षा जास्त बिघडलेले नव्हते. हाडालाही थोडा भार लागतो, भार पडला तरच ते टिकतं. आणि साठीनंतर स्नायू झपाट्याने कमी होतात, ते वापरले नाहीत तर गुडघ्याला धरायला कोण राहणार.

9 एप्रिलच्या पाडव्यापर्यंत दोन मिनिटं पळायला लागले होते. एप्रिलअखेर चार. आणि मग मी चूक केली. सुट्टीत नातवंडं आली होती, त्यांच्याबरोबर उत्साहाने 12 मे ला रंकाळ्याची अख्खी प्रदक्षिणा पळाले, चार किलोमीटरच्या वर भरते ती, आणि दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला आणि टाचेत खिळा घुसल्यासारखं झालं. पाच-सात पावलं टाकली की कमी व्हायचं, म्हणून मी आठवडा अंगावर काढला, ते करायला नको होतं.

20 मे पासून फिजिओथेरपी, सहा वेळा, दर वेळी 350. तळपायातला पट्टा दुखावला होता. बाटलीत पाणी गोठवून ती पायाखाली दहा मिनिटं फिरवायची, पलंगावरच टॉवेल पंजाला अडकवून ओढायचा आणि मगच पाय जमिनीवर ठेवायचा, ओट्याला धरून टाचा उचलायच्या. पाच आठवडे पळणं पूर्ण बंद. ह्या पाच आठवड्यांत मन फार खचलं होतं, वाटायचं संपलं, आपलं वयच नाही.

पण फिजिओथेरपीच्याच मॅडमनी एक गोष्ट विचारली जी मी कुणालाच सांगितली नव्हती. पळताना लघवीचे थेंब जातात का? जायचे. मार्चपासून जायचे, मी पॅड लावून पळत होते आणि मनात ठरवलं होतं की फार झालं तर पळणं सोडायचं पण हे बोलायचं नाही. त्यांनी सांगितलं की बाळंतपणं झालेल्या, पाळी गेलेल्या बायकांत हे खूप कॉमन आहे आणि व्यायामाने बऱ्याच जणींचं कमी होतं. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे, पाच सेकंद धरायचे, सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. मी भाजी निवडताना करते. तीन महिन्यांत खूप फरक पडला, आता क्वचित होतं. बायांनो, हे डॉक्टरांना सांगा, ह्यात लाजण्यासारखं काही नाही, मी फुकट दोन महिने सोसलं.

24 जूनला परत सुरुवात केली, पुन्हा एका मिनिटापासून. आणि आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम धरला, खुर्चीतून हात न लावता उठबस, भिंतीवर दंड, एका पायावर उभं राहणं. खरं तर हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. जागतिक आरोग्य संघटना 65 च्या पुढच्यांना आठवड्यात किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम किंवा 75 मिनिटं जोराचा सांगते, पण त्याच्याबरोबर तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायामही सांगते, तो भाग आपण सगळे विसरतो.

जुलैचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली होती. रंकाळ्याच्या फरशीवर शेवाळ धरतं, तिथे आमच्या ग्रुपमधल्या एक जण घसरल्या आणि मनगट मोडलं. आपल्या वयात पडणं परवडत नाही, त्यामुळे पाऊस असला की मी घरातच जागेवर पळायचे किंवा अपार्टमेंटचा जिना चढायचे. उघडीप मिळाली की शिवाजी विद्यापीठात जायचे, तिथे झाडी आहे, रस्ते मोठे आहेत आणि चढउतारही आहे.

गणपतीत एक झालं. आरती झाली, मी देवासमोर खाली बसले होते, प्रसादाचं ताट उचलून उठले आणि आत गेले. हे मागून आले आणि म्हणाले, "अगं, तू ताट हातात घेऊन उठलीस." मला कळलंच नव्हतं. दोन्ही हातात ताट होतं.

ऑक्टोबरमध्ये मुलाने इथल्याच एका रनमध्ये 10 किलोमीटरसाठी नाव घाल म्हटलं. 800 रुपये. फॉर्म ऑनलाईन, आणि त्यात दोन अडचणी आल्या. एक, वय स्पर्धेच्या दिवशीचं धरतात आणि आधारप्रमाणे. आमच्या पिढीत बऱ्याच जणांची जन्मतारीख शाळेत गुरुजींनी 1 जून लावलेली, माझीही तीच, आई सांगायची मी दिवाळीतली. तेव्हा मनात खरी तारीख असली तरी फॉर्मवर कागदावरचीच भरा, नाहीतर बिब म्हणजे छातीवर लावायचा नंबर देताना अडवतात. दोन, साठीच्या वरच्यांना मेडिकल सर्टिफिकेट, तेही 30 दिवसांच्या आतलं. मी ऑक्टोबरात घेतलेलं चाललं नाही, नोव्हेंबरात पुन्हा घेतलं, 200 रुपये. ते अपलोड केलं तर रिजेक्ट, कारण शिक्क्यात डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर नव्हता. नंबर हाताने लिहून, सही-शिक्का पुन्हा घेऊन आले तर फाईल 2 एमबीपेक्षा मोठी. शेवटी झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराने 20 रुपयांत बारीक करून दिली. चार दिवस गेले ह्यात. त्याच वेळी रक्तही तपासलं, एचबीएवनसी 5.8. वजन मात्र सगळ्या वर्षात अडीच किलोच उतरलं आणि बीपीची गोळी आहे तशीच आहे, हे खरं ते सांगते, कारण गोळ्या सुटतील म्हणून कुणी पळायला लागू नये.

डिसेंबरातला रविवार. चारला उठले, केळं आणि अर्धा कप चहा. पहाटे बोटं गार पडली होती, पिना लावता येईनात, शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीने बिब लावून दिला आणि म्हणाली आजी तुम्ही पण टेन के? गर्दी सुटली तेव्हा सगळे भरकन पुढे गेले, मी पाढे धरले. चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, पहिल्यापासून, दमल्यावर नाही. पाणी प्रत्येक ठिकाणी दोन घोट, कारण वय वाढलं की तहान उशिरा कळते. सातव्या किलोमीटरला चढ होता, तिथे पूर्ण चालले. आठव्यानंतर पाय जड झाले, बाराचा पाढा सुद्धा चुकायला लागला, मग दोनचा म्हटला. 1 तास 34 मिनिटं. हे दोरीच्या पलीकडे उभे होते, हातात माझा स्वेटर.

घरी येऊन गरम पाण्याने अंघोळ, पिठलं-भात, आणि तीन तास झोप. दोन दिवस जिना उतरताना मांड्या दुखल्या, टाच दुखली नाही. खर्च सगळा धरून 16,600 च्या आसपास गेला, त्यातले 2,799 वाचले असते.

आता आठवड्यात तीन दिवस पळते, पाच किलोमीटरच्या आतबाहेर. फौजा सिंग ह्यांनी 89 व्या वर्षी लंडनची मॅरेथॉन केली आणि 100 व्या वर्षी टोरांटोची, मुलगा सारखा त्यांचं नाव घेतो. मला तेवढं नको, रंकाळ्याची एक प्रदक्षिणा पुरे.

शेजारच्या वहिनी 66 च्या आहेत, त्यांना शुगर आहे, त्या आता माझ्याबरोबर चालायला लागल्यात. पळायचं म्हणतात. येत्या सोमवारी त्यांना डॉक्टरांकडे नेतेय, जुने रिपोर्ट एका फाईलला लावून ठेवायला सांगितलेत. पायही दाखवून घ्यायचे आहेत, कारण शुगरवाल्यांना बुटातली जखम लवकर कळत नाही. आणि टीएमटी सांगितली तर सहीसाठी बरोबर यावं लागेल, हे भाऊजींना आत्ताच सांगून ठेवलंय.